पोकलेन हिसके देतेय? आधी सीट आणि आर्मरेस्ट बघा

खडबडीत जागेवर मशीन हिसके द्यायला लागले की पहिला संशय हायड्रॉलिक पंपावर नाहीतर व्हॉल्व्हवर जातो. पण मशीन पुढे झेपावते तेव्हा ऑपरेटरचे अंग मागे राहते आणि हातासोबत मशीन पुढे-मागे नेणारा ट्रॅव्हल लिव्हरही मागे ओढला जातो. मशीन मंदावते, अंग पुढे जाते, लिव्हर पुन्हा ढकलला जातो, आणि हा फेरा चालूच राहतो. बूमचेही (मशीनच्या मुख्य हाताचेही) तसेच: बूम झटक्यात थांबवला की केबिन पुढे-मागे डोलते आणि हातातली जॉयस्टिक आपोआप पुढे-मागे ढकलली जाते.

खात्री करायची तर सपाट जागी, बकेट रिकामी आणि जमिनीलगत ठेवून, आसपास कोणी नसताना लिव्हर सोडून द्या. ते स्प्रिंगने न्यूट्रलला येतात. हिसके लगेच विरले, तर ते हातातून येत असण्याची शक्यता आहे. न्यूट्रलमध्येही बूम उतरत राहिला तर सिलिंडरचे सील, व्हॉल्व्ह तपासायला घ्या.

मग सीट. बसलेल्या शरीराला उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते साधारण ४ ते ८ हर्ट्झला (सेकंदाला ४ ते ८ वेळा), आडवे १ ते २ हर्ट्झला. वजनाचा नॉब सीटवर बसूनच फिरवा. सस्पेन्शन मधोमध हवे. सैल असेल तर सीट खाली आदळते, कडक असेल तर प्रत्येक दगड पाठीला कळतो.

इथे एक मेख आहे. कन्सोल (जॉयस्टिक बसवलेला भाग) सीटसोबत वर-खाली होत असेल, तर हात आणि लिव्हर एकत्र हलतात. कन्सोल फ्लोअरला बसवलेला असेल तर मऊ सीटमुळे उलट त्रास वाढतो, कारण अंग उडते आणि लिव्हर जागीच राहतो. अशा मशीनवर सस्पेन्शन थोडे कडकच बरे.

आर्मरेस्ट इतका उंच घ्या की कोपर साधारण काटकोनात येईल, खांदा उचलला जाणार नाही. कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकलेला हवा, जॉयस्टिक बोटांनी आणि मनगटाने चालवा. मूठ आवळू नका. आवळलेल्या हातातून धडाचा धक्का सरळ लिव्हरमध्ये उतरतो. बेल्ट कमरेला घट्ट हवा, तो नुसता अपघातासाठी नसतो.

ट्रॅव्हल करताना टाच फ्लोअरवर टेकवून पेडल वापरा आणि वेगाचा स्विच कासवावर (हळू वेगावर) ठेवा. पाइपलाइनजवळ लेव्हलिंग असेल तर इंजिनचा आरपीएम उतरवा किंवा फाइन मोड घ्या: हात तेवढाच हलला तरी बकेट कमी हलते.