मोमेंटचं गणित: फोर्स सोपा असतो, घोळ अंतरात होतो

डिप्लोमा असो नाहीतर बीई, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये मोमेंट (फोर्सची एखाद्या पॉइंटभोवती फिरवायची ताकद) सगळ्यांना सोपा वाटतो, कारण सूत्र एका ओळीचं: फोर्स गुणिले लंब अंतर, झालं. आणि तरी मार्क तिथंच जातात, कारण पोरं चित्रात जे अंतर लिहिलेलं दिसेल ते उचलून गुणतात. लंब अंतर म्हणजे ज्या पॉइंटभोवती मोमेंट काढायचाय तिथून फोर्सच्या रेषेवर काटकोनात टाकलेलं अंतर. फोर्स जिथं लागतो तिथपर्यंतचं नाही. रेष दोन्हीकडं हवी तेवढी लांबवा, कोण अडवत नाही.

सांगली भागात हंगामात कारखान्याकडं चाललेली उसाची बैलगाडी बघा, त्यात अर्धा चॅप्टर आहे. दोन चाकं, मधे आस, पुढं जू. धरा ऊस १५०० किलो, जू आसापासून ३ मीटर पुढं, आणि उसाचं वजन आसाच्या १० सेंटिमीटर पुढं एकवटलंय (गाडीचं स्वतःचं वजन सोडून देऊ, नाहीतर गणित वाढतं). आता आसाभोवती मोमेंट घ्या. वजन १५०० × ९.८१ = १४७१५ न्यूटन, गुणिले ०.१ मीटर म्हणजे १४७१.५ न्यूटन मीटर. हा मोमेंट जुवानं पेलायचा, म्हणून भागिले ३, आले ४९०.५ न्यूटन, म्हणजे दोन्ही बैलांच्या मानेवर मिळून ५० किलो. तेवढाच ऊस आसाच्या १० सेंटिमीटर मागं गेला की तेच ५० किलो उलट्या दिशेनं, जू वर उचलायला लागतं, गाडी उलाळते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. दीड टन वजनात २० सेंटिमीटरचा खेळ. गाडी भरणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलेलं नसतं पण मोळ्या कुठं टाकायच्या ते त्याला बरोबर कळतं.

आसाभोवतीच का घेतला? कारण चाकांकडून येणारा फोर्स आसातूनच जातो, त्याचं अंतर शून्य, म्हणून तो अननोन आपोआप गायब. युक्ती एवढीच आहे. जो अननोन नकोय त्याच्यावर पॉइंट ठेवायचा.

बीमला (सपोर्टवर टेकवलेल्या तुळईला) हेच लावा. ए आणि बी सपोर्टमधे ६ मीटर स्पॅन, ए पासून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड, आणि पूर्ण स्पॅनवर ३ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल (सगळीकडं सारखा पसरलेला लोड). ए भोवती मोमेंट घेतला की ए ची रिअॅक्शन (सपोर्ट बीमला वर ढकलतो तो फोर्स) उडाली. यूडीएलचा एकूण लोड ३ × ६ = १८, तो मधोमध, म्हणजे ३ मीटरवर लागतो असं धरायचं (रिअॅक्शन काढण्यापुरतं हं, बेंडिंग मोमेंट डायग्राम काढताना असं करू नका, आकारच चुकेल). मग आरबी (बी ची रिअॅक्शन) × ६ = १२ × २ + १८ × ३ = ७८, आरबी = १३ किलोन्यूटन. एकूण लोड ३०, म्हणून आरए = १७. आता बहुतेकजण इथं थांबतात, तुम्ही थांबू नका, बी भोवती घेऊन बघा: १७ × ६ = १०२, आणि लोडचे १२ × ४ + १८ × ३ = १०२. जुळलं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिरका फोर्स आला की घाबरायचं कारण नाही. ०.४ मीटर लांबीच्या पान्याला टोकाला काटकोनात ३०० न्यूटन लावले तर १२० न्यूटन मीटर, पण पान्याशी ३० अंशात ओढलात तर साइन ३० म्हणजे निम्मं, ६० च. जोर तेवढाच, नट मात्र हलत नाही. गॅरेजमध्ये पान्याला पाइप घालतात ते याच हिशोबानं, अंतर वाढवायला.

आणि लंब अंतर काढायला भूमिती जड जात असेल तर सरळ फोर्सचे दोन तुकडे करा. पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितीनं १६८७ साली मांडलेला नियम आहे: तुकड्यांच्या मोमेंटची बेरीज म्हणजे मूळ फोर्सचा मोमेंट. समजा ५०० न्यूटनचा फोर्स (३, २) मीटर या पॉइंटवर लागतोय, त्याचा आडवा तुकडा ४०० उजवीकडं आणि उभा ३०० वर. ओरिजिनभोवती ३०० × ३ = ९०० अँटिक्लॉकवाइज आणि ४०० × २ = ८०० क्लॉकवाइज, उरले १०० न्यूटन मीटर अँटिक्लॉकवाइज. म्हणजे लंब अंतर फक्त ०.२ मीटर होतं, ते पट्टीनं शोधत बसला असता तर पेपर संपला असता. चिन्ह कुठलं प्लस धरताय ते पहिल्या ओळीत लिहा, अँटिक्लॉकवाइज प्लस घ्या किंवा उलटं घ्या, पण गणिताच्या मधे बदलू नका.

कपल आला तर उलट अजून सोपं. दोन सारखे, समांतर, विरुद्ध दिशेचे फोर्स, मोमेंट म्हणजे एक फोर्स गुणिले दोघांमधलं लंब अंतर, आणि पॉइंट कुठलाही घ्या उत्तर तेच येतं. म्हणून बीमवर नुसता कपल दिला असेल तर समीकरणात तो आहे तसा टाका, त्याला परत अंतरानं गुणायचं नाही.