आगमनकाळात मरियेसोबत प्रार्थना: कोणती, कधी, कशी

आगमनकाळ (नाताळच्या तयारीचा काळ) जवळ आला की उत्साहात मोठी यादी होते: रोज पूर्ण रोझरी (मरियेची जपमाळ), दोन नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), तीन वेळा एंजेलस (दूताने मरियेला दिलेल्या संदेशाची छोटी प्रार्थना), शनिवारचा उपवास. दुसऱ्या रविवारपर्यंत त्यातलं निम्मं सुटतं आणि उरलेलं उरकलं जातं. खरं तर इतकं जमवायची गरज नसते, कारण या काळात उपासनेतच मरियेला भरपूर जागा आहे. पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली 'मरियालिस कुल्तुस' या पत्रात आगमनकाळ हा प्रभूच्या मातेच्या भक्तीसाठी विशेष योग्य काळ असल्याचं लिहिलं. उपासनेतली वाचनं आणि सण यांच्या मागोमाग चाललं तरी पुरतं. एकच गोष्ट धरायची असेल तर एंजेलस धरा.

आधी तारखा

३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणून आगमनकाळ कधी २८ दिवसांचा असतो, तर कधी जेमतेम २२ दिवसांचा. नाताळ सोमवारी आला की चौथा रविवार २४ डिसेंबरलाच पडतो आणि चौथा 'आठवडा' संध्याकाळपर्यंत संपतो. २०२३ साली असंच झालं होतं. 'चार आठवडे आहेत' असं गृहीत धरून बेत आखला की शेवटचा भाग हमखास राहून जातो. तेव्हा आठवडे मोजू नका, तारखा लिहा: ८ डिसेंबर, १७ डिसेंबर, २४ डिसेंबर.

एंजेलस

ही प्रार्थना परंपरेने सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ वाजता म्हणतात. सावकाश म्हटली तरी तीन मिनिटांच्या आत होते. रचना अशी आहे. एक जण म्हणतो, 'प्रभूच्या दूताने मरियेला संदेश दिला'. बाकीचे, 'आणि ती पवित्र आत्म्याच्या योगे गर्भवती झाली'. मग एक 'नमो मरिये'. दुसरी ओळ मरियेचं उत्तर, 'पाहा, मी प्रभूची दासी'. पुन्हा 'नमो मरिये'. तिसरी ओळ योहानाच्या शुभवर्तमानातली, 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली'. तिसरी 'नमो मरिये'. त्यानंतर 'हे देवाच्या पवित्र माते, आमच्यासाठी विनंती कर' हा संवाद आणि शेवटची प्रार्थना. प्रार्थनापुस्तकागणिक शब्द थोडे वेगळे असतात. एकच पुस्तक धरा, नाहीतर उत्तरं एकमेकांत अडकतात.

शेवटची प्रार्थना पाठ नसेल तर काही जण ती गाळून टाकतात. तसं करू नका. दूताच्या संदेशाने ज्यांना ख्रिस्ताचं देहधारण कळलं त्यांना त्याच्या दुःखसहनाने आणि क्रुसाने पुनरुत्थानाच्या वैभवापर्यंत ने, असं ती मागते. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) सुरुवातीला धर्मगुरू हीच प्रार्थना म्हणतात. महिनाभर घरी म्हटलेली असेल, तर त्या दिवशी ती लगेच ओळखू येते.

एकत्र म्हणताना एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. म्हणणाऱ्याचा 'येशू' शब्द पुरा व्हायच्या आत बाकीचे 'पवित्र मरिये' सुरू करतात. 'नमो मरिये'चा पूर्वार्ध ज्या नावापाशी येऊन थांबतो, नेमकं तेच नाव दबतं. म्हणणाऱ्याने 'येशू' म्हणून एक श्वास थांबावं आणि इतरांनी तो श्वास ऐकावा, एवढं केलं तरी प्रार्थनेची लय बदलते. दुसरी गोष्ट, 'शब्द देही झाला' म्हणताना गुडघा टेकवण्याची किंवा मस्तक लववण्याची रीत आहे. ती मुलांना आधीच सांगा, म्हणजे मध्येच धांदल उडत नाही.

तिन्ही वेळा जमत नसेल तर दुपारची निवडा. सकाळी घाई असते, संध्याकाळी घरात दहा कामं. दुपारी काम हातात असतानाच थांबावं लागतं, आणि गाब्रिएल दूत आला तेव्हा मरियेचंही काही तसंच झालं असावं.

रोझरी: पाच रहस्यं की एक?

माळेत ५३ लहान आणि ६ मोठे मणी असतात. क्रुसापाशी विश्वासांगीकार, पहिल्या मोठ्या मण्यावर 'आमच्या स्वर्गीय बापा', तीन लहान मण्यांवर 'नमो मरिये', मग 'पित्याला गौरव'. पुढच्या मोठ्या मण्यापासून पाच दशकं, म्हणजे प्रत्येकी दहा 'नमो मरिये'. प्रत्येक दशकात एका रहस्यावर, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगावर, मनन करतात. आनंदाची रहस्यं आता सोमवारी आणि शनिवारी म्हणतात. आगमनकाळातल्या रविवारी तीच घेण्याची जुनी रीत आहे. ज्यांना ती रोज घ्यायची असतील त्यांनी खुशाल घ्यावीत. वारांची वाटणी ही सूचना आहे, बंधन नव्हे.

पूर्ण रोझरीला १५ ते २० मिनिटं लागतात. आठ मिनिटांत आटोपत असेल तर मणी सरकतात, मन नाही. त्यापेक्षा एकच दशक घ्या, पण असं:

शुभवर्तमानातला उतारा आधी वाचा. संदेशासाठी लूक १:२६-३८, एलिझाबेथच्या भेटीसाठी लूक १:३९-५६. वाचून झाल्यावर अर्धा मिनिट गप्प बसा. हे अर्धं मिनिट लांबलचक वाटतं, म्हणून पहिले काही दिवस घड्याळ बघायला हरकत नाही. मग दशक सुरू करा आणि प्रत्येक 'नमो मरिये'त येशूच्या नावानंतर त्या रहस्याचे चार शब्द जोडा. पहिल्या रहस्याला 'येशू, ज्याला तू उदरी धारण केलंस', दुसऱ्याला 'येशू, ज्याला घेऊन तू एलिझाबेथकडे गेलीस'. काही प्रदेशांत ही पद्धत आधीपासून रूढ आहे आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या रोझरीवरील पत्रात तिचं कौतुक केलं आहे. जोड लहान ठेवा. लांबलं की तोंड तिच्यातच गुंतून पडतं.

आगमनकाळात पहिली दोन रहस्यंच फिरवून फिरवून घेतली तरी चालेल. तिसरं, जन्माचं, शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवावं असं आमचं मत. नियम नाही, पण वाट बघण्याला त्याने अर्थ येतो.

८ डिसेंबर

निष्कलंक गर्भसंभवाचा सण. हा येशूच्या गर्भधारणेचा सण आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात. तो आहे मरियेच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या उदरातल्या गर्भसंभवाचा: त्या पहिल्या क्षणापासून ती मूळ पापापासून मुक्त राखली गेली. पोप पायस नववे यांनी १८५४ साली हा सिद्धांत जाहीर केला. घोटाळा वाढतो तो त्या दिवशीच्या शुभवर्तमानामुळे, कारण वाचला जातो गाब्रिएलचा संदेश. 'कृपापूर्णे' या अभिवादनासाठी तो निवडला आहे हे कळलं की गुंता सुटतो. साधा हिशेबही मदतीला येतो: मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबर, त्याच्या बरोबर नऊ महिने आधी हा सण, येशूच्या देहधारणेचा सण २५ मार्च.

या सणाची नोव्हेना २९ नोव्हेंबरला सुरू होऊन ७ डिसेंबरला संपते. ३० तारखेला सुरू केली तर नववा दिवस सणावरच येतो. पाप नाही, पण नोव्हेना ही सणाची तयारी असते. ८ तारीख रविवारी आली तर सण सहसा सोमवारी जातो, जसा २०२४ साली ९ डिसेंबरला गेला. सणाच्या मिस्सात पांढरी वस्त्रं असतात आणि आगमनकाळाच्या रविवारी वगळलेलं 'ग्लोरिया' हे गौरवगीत गायलं जातं. गायकवृंदाला आठवण करून ठेवा.

१७ ते २४ डिसेंबर

या आठ दिवसांत रोजच्या मिस्सातली शुभवर्तमानं एका ओळीत चालतात. १७ ला मत्तयातली वंशावळ, १८ ला योसेफाचं स्वप्न, १९ ला जखऱ्याला मिळालेला संदेश, २० ला मरियेला मिळालेला, २१ ला एलिझाबेथची भेट, २२ ला मरियेचं स्तोत्र, २३ ला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म, २४ ला सकाळी जखऱ्याचं स्तोत्र. मध्ये रविवार आला तर त्या रविवारचं वाचन घ्यायचं. मिस्साला जाता आलं नाही तरी घरी रोज तेवढा उतारा वाचा. १७ ची नावांची यादी कंटाळवाणी म्हणून सोडू नका. ती 'मरिया'पाशी आली की तिचा साचा मोडतो, आणि ते मोठ्याने वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

संध्याकाळी मरियेचं स्तोत्र (लूक १:४६-५५) म्हणा. १७ ते २३ या सात संध्याकाळी त्याच्या आधी आणि नंतर त्या दिवसाची आळवणी येते, ती क्रमाने अशी: हे प्रज्ञे, हे अदोनाय, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदयप्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. लॅटिनमधल्या या सात नावांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली की 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. प्रत्येक आळवणीत 'ये' ही विनंती असते. ती घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याकडे द्या.

नाताळची नोव्हेना १६ डिसेंबरपासून असते. ती आणि वरचं सगळं एकत्र करू गेलात तर घरच्यांचा धीर सुटेल. यातलं एक निवडा, दुसरं पुढच्या वर्षी.

आगमनचक्राजवळ (हिरव्या पानांचं, चार मेणबत्त्यांचं वर्तुळ) मरियेची तसबीर ठेवणार असाल तर ती ज्योतीपासून हातभर लांब, आणि चक्राची पानं हिरवी असतानाच. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती वाळतात आणि पहिली मेणबत्ती बुडाशी आलेली असते. गव्हाणी मांडली तर बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत तिच्यात ठेवू नका; मरिया आणि योसेफ रिकाम्या गव्हाणीपाशी चालतात. एंजेलस मात्र नाताळात थांबवायची नसते. ती ईस्टरपर्यंत तशीच चालू ठेवायची, मग पास्काकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत) तिच्या जागी 'रेजिना चेली' ही मरियेची प्रार्थना येते.