घाना कसा पाहावा: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

घानाला जायचे ठरले की पहिले काम पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस घेण्याचे. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. शासनाने ठरवून दिलेल्या केंद्रांतच ती टोचली जाते आणि कोल्हापूरकरांना त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठणे सोयीचे पडते. प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी लस घेतलेली असावी लागते. तिचे प्रमाणपत्र घानात उतरताना दाखवावे लागते आणि भारतात परतल्यावरही. ते हरवले तर मायदेशी येऊन सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येते, म्हणून ते पासपोर्टसोबतच ठेवावे. हिवतापावरच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात. व्हिसाचे नियम नवी दिल्लीतील घानाच्या उच्चायुक्तालयाकडून तपासून घ्यावेत. मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबई येथे विमान बदलून अक्रा या राजधानीला पोहोचता येते.

क्षेत्रफळाने घाना महाराष्ट्राच्या सुमारे पाऊणपट आहे. दक्षिणेला अटलांटिक महासागराचा किनारा, मध्यभागी जंगल आणि कोकोची लागवड, उत्तरेला कोरडा गवताळ प्रदेश, अशी त्याची ढोबळ रचना लक्षात ठेवली की प्रवासाचा मार्ग आपोआप सुचतो. २०१९ पासून देशाचे १६ प्रशासकीय प्रदेश झाले आहेत, पण प्रवाशाला त्या सोळांची यादी पाठ करण्याचे कारण नाही. किनारा, मध्यावरचे कुमासी शहर, उत्तर आणि पूर्वेचा व्होल्टा नदीचा भाग असे चार टप्पे धरावेत. नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा काळ चांगला, मात्र डिसेंबरपासून सहाराकडून हरमॅटन नावाचा धुळीचा वारा वाहतो आणि दूरची दृश्ये धूसर होतात. बारा दिवस हाती असतील तर अक्राला दोन, किनाऱ्याला तीन, कुमासीला चार आणि उत्तरेला तीन अशी वाटणी माझ्या मते योग्य ठरेल. व्होल्टा पाहायचे असल्यास त्यासाठी दोन दिवस वाढवावेत.

अक्रामध्ये फार रेंगाळू नये. ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांचे स्मारक, ब्लॅक स्टार चौक, जेम्सटाउनचा जुना दीपस्तंभ आणि मकोला बाजार एवढे पाहिले तरी पुरे. मकोलात आपल्या लक्ष्मीपुरीच्या बाजाराच्या दिवशी होते तशी, किंबहुना तिच्याहून मोठी गर्दी असते, त्यामुळे पैसे पुढच्या खिशात ठेवावेत. तेथील चलनाचे नाव सेडी. हे नाव कवडीसाठी असलेल्या स्थानिक शब्दावरून आले आहे. जोगत्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ पाहिलेल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल, कारण पश्चिम आफ्रिकेत एकेकाळी नाणे म्हणून चाललेल्या कवड्यांचा मोठा भाग मालदीवच्या समुद्रातून, म्हणजे आपल्याच बाजूने, तिकडे गेला होता.

अक्राहून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर केप कोस्ट आणि तिथून जवळच एल्मिना आहे. येथील किल्ले पाहायला जाताना पन्हाळा मनातून काढून टाकावा. या मुळात युरोपीय व्यापाऱ्यांच्या तटबंदी केलेल्या वखारी आहेत. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला इंग्रज आपल्या राजापूरच्या वखारीतूनच आले होते, हे आठवले की ही जातकुळी ओळखीची वाटते. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये सोन्याच्या व्यापारासाठी बांधला, १६३७ मध्ये तो डचांनी घेतला, आणि पुढे सोन्याची जागा माणसांनी घेतली. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष गुलामांच्या अंधारकोठडीच्या बरोबर वर इंग्रजांचे प्रार्थनागृह होते. कोठडीतून समुद्राकडे उघडणाऱ्या दरवाजाला ‘परत न येण्याचे दार’ म्हणतात. मार्गदर्शकाशिवाय ही वास्तू पाहण्यात अर्थ नाही. सोबत आफ्रिकी वंशाचे अमेरिकी पाहुणे असतात आणि त्यांच्यासाठी ही पूर्वजांची जागा आहे, तेव्हा कोठडीत हसत छायाचित्रे काढू नयेत. दोन्ही किल्ले एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह धरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर काकुम अभयारण्यातील झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या झुलत्या पुलांवर चालावे. सात पूल मिळून सुमारे साडेतीनशे मीटरचा हा रस्ता जमिनीपासून चाळीस मीटरपर्यंत उंच जातो. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी पहिल्या पुलानंतरच परतावे.

कुमासीला सर्वांत जास्त दिवस द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण गादीचा मान म्हणजे काय हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. कुमासी ही ज्याची राजधानी, त्या असांटे राज्याचे प्रतीक असलेल्या सुवर्णासनावर कोणी बसत नाही, राजाही नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नरने ते आसन बसायला मागितले आणि एजिसू गावची राजमाता ‘या असांतेवा’ लढाईला उभी राहिली. ताराराणींच्या गावच्या लोकांनी तिची कथा तिथेच जाऊन ऐकावी. मनहिया राजवाड्यातील संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती हद्दपारीतून परतलेल्या राजा प्रेम्पेसाठी १९२५ मध्ये बांधली गेली. १८७४ च्या युद्धात इंग्रजांनी लुटलेल्या सोन्याच्या वस्तूंपैकी काही २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयांनी येथे तीन वर्षांच्या बोलीवर उसन्या दिल्या. त्या संग्रहालयांपैकी एक म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. त्याच वर्षी, तीनच वर्षांसाठी, त्याच संग्रहालयाने वाघनखे महाराष्ट्राला पाठवली होती.

दर बेचाळीस दिवसांनी रविवारी मनहियात अक्वासिडे हा दरबारी सोहळा भरतो. दसरा चौकातले सीमोल्लंघन पाहिलेल्यांना छत्र्या, ढोल आणि मानकऱ्यांची रांग ओळखीची वाटेल. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी या रविवारांची तारीख शोधावी आणि प्रवास तिच्याभोवती आखावा. जवळच्या बोनवायर गावी केंटे कापड हातमागावर विणतात. चार बोटे रुंदीच्या पट्ट्या विणून त्या एकमेकींना शिवल्या जातात, त्यामुळे घेताना शिवण पाहावी. सलग छापलेले कापड केंटे म्हणून विकतात, ते स्वस्तही असते. कुमासीहून तासाभरावर बोसुमत्वी सरोवर आहे. आपल्या लोणारप्रमाणे हेही उल्कापाताने झालेले विवर, पण लोणारच्या सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या तुलनेत या विवराचा व्यास साडेदहा किलोमीटर आहे. पाण्याला लोखंड लावू नये अशी जुनी समजूत असल्यामुळे येथील कोळी लाकडी फळीवर बसून मासे धरतात.

उत्तरेकडे तामाले शहरामार्गे मोले राष्ट्रीय उद्यानात जावे. तिथे बंदूकधारी वनरक्षकासोबत पायी फिरून हत्ती पाहता येतात, आणि उन्हाळा जसा वाढतो तसे ते पाणवठ्यावर हमखास दिसतात. शेजारच्या लाराबांगा गावातील माती आणि लाकडाची पांढरी मशीद बाहेरूनच पाहावी. बुर्किना फासोच्या सीमेलगतचा भाग टाळावा. व्होल्टाच्या बाजूला १९६५ साली पूर्ण झालेले अकोसोंबो धरण, त्यामागचा समुद्रासारखा पसरलेला जलाशय आणि व्ली धबधबा आहे.

शहरांमधल्या प्रवासाला ‘ट्रो-ट्रो’ ही छोटी गाडी स्वस्त, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही. लांबच्या पल्ल्याला एसटीसीच्या बसगाड्या बऱ्या. नाव ऐकूनच आपली एसटी आठवते. खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने सावध राहावे, कारण भाजीच्या रश्शातही सुकी मासळी कुटून घातलेली असते, म्हणून आधी विचारावे. तळलेल्या केळ्यांसोबतची चवळीची उसळ, तिला तिथे ‘रेड-रेड’ म्हणतात, मासळीशिवाय सांगता येते. मांसाहाऱ्यांनी बकऱ्याचे ‘लाइट सूप’ मागवावे. तांबड्या रश्श्याची सवय असलेल्याला त्याचा तिखटपणा बाधणार नाही, खोबऱ्याची उणीव मात्र जाणवेल. जेवताना किंवा पैसे देताना डावा हात पुढे करू नये.