क्रूझचा प्रवास विमा: जहाजावर दवाखाना असतो, इस्पितळ नसतं

क्रूझचं बुकिंग केलं की टूर कंपनी पॅकेजमध्येच विमा जोडून देते. नाहीतर व्हिसाच्या फाइलला लागतो म्हणून आपणच सगळ्यांत स्वस्त पॉलिसी काढून मोकळे होतो. व्हिसा मिळतोही. पण ती पॉलिसी विमान, हॉटेल आणि शहरातलं इस्पितळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते, आणि भर समुद्रात यातलं काहीच जवळ नसतं. म्हणून क्रूझचा विमा घेताना पॉलिसी वर्डिंगमधल्या (पॉलिसीच्या अटींच्या पूर्ण मजकुरातल्या) व्याख्या सगळ्यांत आधी वाचायच्या आणि प्रीमियमचा आकडा सगळ्यांत शेवटी पाहायचा.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. पुण्यातलं साठी ओलांडलेलं जोडपं, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सात रात्रींची क्रूझ, वाटेत सॅन्टोरिनी, तुर्कस्तानातलं कुशादासी आणि इस्तंबूल. एकाला रक्तदाबाची गोळी चालू, दुसऱ्याला मधुमेह.

आधी बंदरांची यादी

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्यांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत, मुक्कामाचे सगळे दिवस लागू असावं लागतं. ही अट पुरी करणाऱ्या पॉलिसी ‘शेंगेन प्लॅन’ नावानेच विकल्या जातात. पण कुशादासी आणि इस्तंबूल तुर्कस्तानात आहेत, आणि तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. माँटेनेग्रोतलं कोटोर आणि ट्युनिशियातलं ला गुलेत हीदेखील भूमध्य समुद्रातल्या क्रूझची नेहमीची बंदरं, पण शेंगेनबाहेरची. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोवनिकची अडचण नाही. फक्त शेंगेनपुरती पॉलिसी असेल, तर कुशादासीच्या पायऱ्यांवर पाय मोडला की खर्च आपल्या खिशातून. आमच्या उदाहरणातल्या जोडप्याने ‘अमेरिका-कॅनडा वगळून जगभर’ हा प्लॅन घ्यावा आणि तो शेंगेनची अटही पुरी करतो, असं पत्र त्याच कंपनीकडून घ्यावं.

व्हिसाचंही इथेच पाहून घ्या. ग्रीसमधून निघून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये उतरायचं, तर एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाही. सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणाऱ्या परदेशी ध्वजाच्या (अमेरिकेबाहेर नोंदलेल्या) जहाजांना १८८६च्या एका अमेरिकी कायद्यामुळे वाटेत कॅनडाचं बंदर घ्यावं लागतं, म्हणून भारतीय पासपोर्टवर कॅनडाच्या व्हिसाचीही सोय आधी पाहावी लागते. कागद अपुरे म्हणून जहाजावर चढू दिलं नाही, तर ते कारण जवळपास कुठल्याच पॉलिसीत बसत नाही.

दिवस मोजताना जहाजाच्या सात रात्री धरू नका. घरून विमानतळाकडे निघण्याच्या तारखेपासून भारतात परत उतरण्याच्या तारखेपर्यंत मोजा आणि वर दोन दिवस वाढवा. प्रीमियममध्ये त्याने फार फरक पडत नाही.

जहाजावरच्या दवाखान्याचं बिल

मोठ्या क्रूझ जहाजावर डॉक्टर, नर्स, ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, सलाइन आणि मोजक्या खाटा असतात. रुग्णाला स्थिर करणं हे त्यांचं काम. अँजिओप्लास्टी किंवा मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. उपचार फुकट नसतात. तपासणी, औषध, सलाइन सगळ्याचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरताना कार्डातून वळतं केलं जातं. कॅशलेस इथे चालतं असं धरूच नका. पैसे आधी तुम्ही भरणार आणि परत आल्यावर क्लेम करणार. म्हणून क्रेडिट कार्डाची परदेशातली मर्यादा निघण्याआधी वाढवून घ्या.

आता व्याख्येचा प्रश्न. भारतातल्या आरोग्य विम्यात ‘हॉस्पिटल’ म्हणजे काय हे ठरलेलं आहे: सरकारी नोंदणी नसेल तर किमान १५ खाटा (दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात १०), चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर. जहाजावरचा दवाखाना या मापात बसत नाही. परदेश प्रवासाच्या पॉलिसींची व्याख्या थोडी सैल असते, तरी दोन गोष्टी वाचून पाहायच्याच. पहिली, बाह्यरुग्ण म्हणजे ओपीडी उपचार पॉलिसीत आहेत का. कारण जहाजावरचे बहुतेक उपचार, ताप, जुलाब, मुरगळलेला घोटा, याच सदरात मोडतात. दुसरी, डिडक्टिबल किती. बऱ्याच पॉलिसींत दर क्लेममागे ठरावीक डॉलर आपल्याच पदरचे जातात. ती रक्कम १०० डॉलर असेल तर ऐंशी डॉलरच्या तपासणीचं काहीच परत मिळत नाही.

शंका फोनवर विचारू नका, फोनवरचं उत्तर क्लेमच्या वेळी कामी येत नाही. ईमेल करा, अगदी याच शब्दांत: “क्रूझ जहाजावरील वैद्यकीय केंद्रात, जहाज खोल समुद्रात असताना, जहाजाच्या डॉक्टरने केलेल्या ओपीडी व आंतररुग्ण उपचारांचा खर्च या पॉलिसीत मिळेल का? कोणत्या कलमाखाली?” कलमाचा क्रमांक देऊन उत्तर आलं तर पॉलिसी घ्या. “पॉलिसीच्या अटींनुसार मिळेल” एवढंच आलं, तर दुसरी कंपनी पाहा.

जहाजावरून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च

सगळ्यांत मोठा खर्च इथे होतो आणि स्वस्त पॉलिसी इथेच तोकड्या पडतात. हृदयविकाराचा झटका आला, तर जहाजाचा डॉक्टर आणि कॅप्टन मिळून ठरवतात: पुढच्या बंदरापर्यंत थांबायचं, जवळच्या बंदराकडे वळायचं, की तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर मागवायचं. किनाऱ्यावर पोहोचलं म्हणजे संपलं असंही नाही. सॅन्टोरिनीसारख्या छोट्या बेटावरून गंभीर रुग्णाला पुढे अथेन्सला किंवा क्रीटला न्यावं लागू शकतं. खासगी एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं, आणि नर्स सोबत देऊन भारतात परत आणायचं म्हटलं तर त्याहून कितीतरी जास्त.

पॉलिसीत ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ (रुग्णाला उपचारासाठी हलवणं) हे कलम शोधा आणि पाहा की त्याची रक्कम वैद्यकीय विमा रकमेच्या आतच आहे की वेगळी. आत असेल तर ५०,००० डॉलरची पॉलिसी एका हेलिकॉप्टर-इस्पितळ फेरीत संपू शकते. आमच्या मते भूमध्य समुद्रासाठी किमान १ लाख डॉलर, अलास्का किंवा कॅरिबियनसाठी अडीच लाख डॉलर आणि वर, याखाली जाऊ नये. अमेरिकी इस्पितळांचे दर पाहता तिथे पाच लाख घेणंही जास्त नाही.

बहुतेक पॉलिसींत रुग्णाला हलवण्याआधी विमा कंपनीच्या सहाय्य केंद्राची मंजुरी लागते. जहाजावर तेवढा वेळ नसतो आणि निर्णय तुमच्या हातात नसतो. म्हणून त्या कलमात जिवावरच्या प्रसंगी ‘शक्य तितक्या लवकर कळवणे’ पुरेसं आहे का, ते पाहा. सहाय्य केंद्राचा फोन नंबर आणि ईमेल कागदावर लिहून दोघांनीही जवळ ठेवा, कारण जहाजावरचं वाय-फाय सगळीकडे पोहोचतंच असं नाही.

जोडीदाराचं काय, हे लोक विसरतात. एकाला कुशादासीत उतरवलं की दुसराही उतरतो. त्याचं हॉटेल, वाया गेलेली क्रूझ, नवीन विमान तिकीट हे ‘ट्रिप इंटरप्शन’ (प्रवास मध्येच सोडावा लागणं) आणि सोबत्याच्या खर्चाच्या कलमातून मिळतं. ती कलमं नसतील, तर वैद्यकीय रक्कम कितीही मोठी असली तरी त्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

वय आणि आधीचे आजार

साठीनंतर काही पॉलिसींत आजारागणिक सब-लिमिट लागतात. वर १ लाख डॉलर छापलेलं असतं, पण आतल्या तक्त्यात खोलीचं भाडं, शस्त्रक्रिया, हृदयविकार यांना वेगवेगळ्या छोट्या मर्यादा असतात. ‘सब-लिमिट नाही’ असा प्लॅन थोडा महाग पडतो. ज्येष्ठांसाठी तोच घ्यावा, इथे काटकसर नको.

रक्तदाब, मधुमेह, स्टेंट, थायरॉइड, सगळं फॉर्ममध्ये लिहा. लपवलेला आजार जहाजाच्या डॉक्टरच्या पहिल्याच नोंदीत उघडा पडतो, कारण “सध्या कोणती औषधं घेता?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि ती नोंद क्लेमच्या फाइलला जोडली जाते. जाहीर केलेल्या आजारालाही बऱ्याच पॉलिसी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतं आणि मर्यादित रकमेचं संरक्षण देतात. तो आकडा विचारून घ्या. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत बहुतेक क्रूझ कंपन्या २४व्या आठवड्यापासून प्रवास नाकारतात, आणि गरोदरपणाशी संबंधित उपचार बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात.

जहाज चुकलं तर

मुंबईहून अथेन्सचं विमान सहा तास लेट झालं आणि जहाज निघून गेलं. पॉलिसीतलं ‘फ्लाइट डिले’ कलम ठरावीक तासांमागे थोडे डॉलर देतं, त्यात जेमतेम एक जेवण आणि टॅक्सी होते. तुम्हाला हवं असतं ते पुढच्या बंदरापर्यंत पोहोचण्याचं विमान आणि एक रात्र हॉटेल. हे ‘मिस्ड डिपार्चर’ किंवा ‘मिस्ड कनेक्शन’मध्ये येतं, पण अनेक पॉलिसींत कनेक्शन म्हणजे विमानाहून विमान, एवढीच व्याख्या असते. ‘कॉमन कॅरिअर’च्या (तिकीट घेऊन बसायच्या प्रवासी वाहनाच्या) व्याख्येत जहाजाचा उल्लेख आहे का, ते पाहा. काही कंपन्या क्रूझसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा संरक्षण) देतात आणि त्यात हे सगळं एकत्र येतं.

विमा घेतला तरी आदल्या दिवशी पोहोचाच. रोमहून निघणाऱ्या क्रूझचं बंदर प्रत्यक्षात चिविटावेकिया, रोमपासून सुमारे ८० किलोमीटर. आणि चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. बंदरावर फिरायला उतरल्यावर उशीर झाला, तर जहाजाच्या स्वतःच्या सहलीसाठी जहाज शक्यतो थांबतं, खासगी टॅक्सीसाठी थांबत नाही, आणि आपल्या उशिराचे पैसे विमाही देत नाही.

रद्द करणं आणि केबिनमध्ये अडकणं

क्रूझ कंपनीचा दंड तारीख जवळ येईल तसा वाढतो आणि शेवटच्या आठवड्यांत पूर्ण भाडं जातं. त्यामुळे न परतणारे सगळे पैसे (क्रूझ, विमान, आधी भरलेल्या सहली) जोडून बघा आणि ‘ट्रिप कॅन्सलेशन’ची मर्यादा त्याच्याशी ताडून पाहा. अनेक प्लॅनमध्ये ती फार कमी असते. पहिला हप्ता भरला की लगेच पॉलिसी घ्या, कारण हे संरक्षण पॉलिसी निघाल्यापासूनच लागू होतं. आदल्या आठवड्यात घेतलेली पॉलिसी मधल्या तीन महिन्यांतल्या आजारपणाला उपयोगी नाही. आणि मान्य कारणांची यादी पाठ असल्यासारखी वाचा: “जावंसं वाटेना” हे कारण नाही, आणि व्हिसा नाकारणं बहुतेकदा वगळलेलं असतं.

वादळामुळे बंदर गाळलं, तर तिकिटाच्या अटींनुसार कॅप्टनला तसा अधिकार असतो. क्रूझ कंपनी फार तर बंदराचं शुल्क परत करते. क्रूझ अ‍ॅड-ऑनमध्ये गाळलेल्या बंदराची छोटी रक्कम मिळू शकते. केबिनमध्ये अलग ठेवलं गेलं तर दरदिवशीचा भत्ता मिळतो का, हेही विचारा. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर कोविडमुळे ३,७११ माणसं अडकली तेव्हा हा प्रश्न साऱ्या जगाला कळला. साध्या नोरोव्हायरसच्या जुलाबांनीही माणसाला दोन दिवस केबिनमध्ये बसवतात.

स्कूबा, जेट स्की, पॅरासेलिंग मूळ पॉलिसीत सहसा नसतं, वेगळं घ्यावं लागतं. दारूच्या नशेत झालेली इजा कुठेच नसते.

मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, आणि अमेरिकेतली मुलं

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ देशांतर्गत प्रवास आहे, त्याला परदेश प्रवासाची पॉलिसी लागू होत नाही. किनाऱ्यावरच्या इस्पितळात तुमचा मेडिक्लेम चालेल, जहाजावरच्या दवाखान्यात बहुधा नाही. त्यासाठी देशांतर्गत प्रवास विमा घ्या आणि त्यात जहाज धरलं आहे ना, हे वरच्याच ईमेलने विचारा.

आईवडील अमेरिकेत मुलांकडे गेले आणि तिथून बहामाची क्रूझ ठरली, असं पुष्कळदा होतं. अमेरिकेत घेतलेला ‘व्हिजिटर इन्शुरन्स’ देशाबाहेर किती दिवस आणि किती रकमेपर्यंत चालतो, ते क्रूझ बुक करण्याआधी पाहा. तिथे स्थायिक असलेल्या आणि मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) असलेल्या ज्येष्ठांनी लक्षात ठेवावं: जहाज अमेरिकी बंदरापासून सहा तासांहून जास्त लांब असेल, तर मेडिकेअर जहाजावरच्या उपचारांचे पैसे देत नाही.

क्लेमचे कागद उतरण्याआधीच

जहाज सोडलं की कागद मिळवणं फार अवघड जातं. शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यातून तपशीलवार बिल, डॉक्टरच्या सहीचा अहवाल आणि पैसे भरल्याची पावती घ्या. गेस्ट सर्व्हिस काउंटरवरून गाळलेल्या बंदराचं किंवा अलग ठेवल्याचं लेखी पत्र घ्या. प्रत्येक बंदरावर पासपोर्टवर शिक्का मिळतोच असं नाही, म्हणून रोज केबिनमध्ये येणारं कार्यक्रमपत्रक आणि केबिन कार्ड जपून ठेवा, तुम्ही त्या दिवशी त्या बंदरावर होतात याचा तोच पुरावा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा आणि त्यासोबत विमा घेण्याआधी कंपनीने कलमाच्या क्रमांकासह पाठवलेला तो ईमेलही जोडा.