नव्या प्लास्टरच्या स्विमिंग पूलमध्ये पहिलं पाणी

पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड यांचं १० ते १२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टर घोटून गुळगुळीत झालं की काम संपल्यासारखं दिसतं. सिमेंट मात्र आतून अजून पिकत असतं आणि पिकताना चुना सोडत असतं, पानाला लावतो तोच. हा चुना पुढे कुठे जाणार, हे पहिल्या २८ दिवसांत पाणी ठरवतं. पाण्यात क्षार पुरेसे असतील तर त्याचं प्लास्टरच्याच पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि बारीक छिद्रं बुजून कातडी घट्ट होते. पाणी भुकेलं असेल तर ते चुना ओढून घेतं. मग पाणी दुधाळ होतं, तळाशी पांढरी भुकटी बसते आणि वर्षभरात पायाला खरखर लागू लागते. तेव्हा कितीही केमिकल टाका, गेलेलं प्लास्टर परत येत नाही.

म्हणून पाणी भरण्याआधी तपासा, भरल्यावर नव्हे.

दुकानात मिळणारी दोन बाटल्यांची किट फक्त क्लोरीन आणि पीएच दाखवते. इथे ती अपुरी आहे, कारण अल्कलिनिटी (पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद) आणि कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) कळल्याशिवाय एक चमचाही टाकण्यात अर्थ नाही. पूलची पूर्ण किट मिळाली नाही तर मत्स्यालयाच्या दुकानातली केएच किट अल्कलिनिटीसाठी चालते. आलेला आकडा १७.९ ने गुणला की पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, मिळतात. तिथली जीएच किट मॅग्नेशियमही मोजते, त्यामुळे कॅल्शियमसाठी नमुना प्रयोगशाळेत दिलेला बरा. विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका, त्याला मीठ आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही.

आणखी एक खाच आहे. किटमध्ये पीएच दाखवणाऱ्या फिनॉल रेड या द्रवाचा रंग साधारण ८.२ च्या पुढे बदलायचाच थांबतो. नव्या प्लास्टरच्या पाण्याचा पीएच ९ असला तरी नळी तोच गडद गुलाबी रंग दाखवणार. म्हणून हा महिनाभर तरी डिजिटल मीटर वापरा आणि दर आठवड्याला बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) घालून तो जुळवून घ्या.

पाणी भुकेलं आहे की नाही, हे लँगेलिअर निर्देशांक सांगतो. पीएचमध्ये तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांचे गुणांक मिळवायचे आणि १२.१ वजा करायचे. तापमान २४ अंशांना ०.६, २९ अंशांना ०.७. कॅल्शियम ५० पीपीएमला १.३, १०० ला १.६, १५० ला १.८, २०० ला १.९, ३०० ला २.१. अल्कलिनिटी ५० ला १.७, १०० ला २.०, १५० ला २.२, ३०० ला २.५. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर पाणी प्लास्टर खाणार, वर आलं तर क्षार साचवणार. जुन्या पूलला शून्याच्या आसपास ठीक असतं. नव्या प्लास्टरला पहिला महिना अधिक ०.५ ते अधिक ०.८ ठेवावा. पहिल्या दिवसापासून अ‍ॅसिड घालून पीएच ७.२ ते ७.६ मध्ये धरणारीही एक पद्धत आहे, पण तिच्यात हात जरा जड पडला की कोवळं प्लास्टर कायमचं खरखरीत होतं. खाण्याचा सोडा घालून निर्देशांक वर ठेवण्याची पद्धत चुका पोटात घालते.

दोन ठिकाणचं पाणी घेऊ, तापमान २९ अंश धरून. अलिबागकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी असं येऊ शकतं: पीएच ६.६, अल्कलिनिटी ३०, कॅल्शियम २०. निर्देशांक निघतो उणे २.४. पाणी चवीला गोड, प्लास्टरला विष. देशावरच्या बोअरचं जड पाणी पीएच ७.८, अल्कलिनिटी ३०० आणि कॅल्शियम २०० असेल तर निर्देशांक अधिक ०.८ येतो. लोक या पाण्याला नावं ठेवतात, पण नव्या प्लास्टरला ते बरं मानवतं. त्यात सुरुवातीला काहीच टाकावं लागत नाही, फक्त लोह तपासून घ्या. लोह असलेल्या पाण्यात क्लोरीन पडलं की पांढऱ्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात.

हलक्या पाण्याचा हिशेब मांडू. पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे सुमारे ४५,००० लिटर. अल्कलिनिटी १ पीपीएम वाढवायला १,००० लिटरला १.६८ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. ३० वरून १५० वर न्यायला ९ किलो. कॅल्शियम १ पीपीएम वाढवायला १,००० लिटरला १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट. २० वरून १५० वर न्यायला ८.६ किलो. सोड्याने पीएच ८ च्या आसपास येतो आणि निर्देशांक अधिक ०.६ होतो. धुण्याचा सोडा मात्र आणू नका. तो पीएच एकदम उडवतो आणि पाणी ताकासारखं करतो.

भरताना

पृष्ठभाग अंगठ्याने दाबून खूण उमटेनाशी झाली की, साधारण दुसऱ्याच दिवशी, पाणी सोडा. उन्हात कोरडं पडलेलं प्लास्टर केसासारख्या भेगा धरतं. पाईपचं तोंड सर्वांत खोल जागी, दोन-तीन पदरी पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. गोणपाट नको, ओलं गोणपाट रंग सोडतं. एकदा सुरू केलं की काठापर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलात तर त्या पातळीवर कंगोरा दिसतो आणि तो सहसा जात नाही. टँकरने भरायचं असेल तर १०,००० लिटरचे पाचही टँकर एकाच दिवसाचे ठरवा आणि टँकरवाल्याला नळी वरून सोडू देऊ नका. धार पडली तिथे खळगा पडतो. सोडा बादलीत विरघळवून भरतानाच थोडा थोडा ओता.

पातळी स्किमरच्या (वरचं पाणी ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या) निम्म्या तोंडापर्यंत आली की पंप सुरू करा आणि ७२ तास चालू ठेवा. सोडा पाण्यात चार-सहा तास फिरल्यानंतर कॅल्शियम क्लोराईड तीन हप्त्यांत द्या. बादलीत आधी पाणी, मग त्यात पूड. बादली चांगलीच तापते. सोडा आणि कॅल्शियमचं दाट द्रावण एकाच जागी ओतलंत तर ढग उठतो, म्हणजे विकत आणलेलं दोन्ही तिथेच वाया. न विरघळलेला खडा तळाला बसू देऊ नका.

रोजचं काम

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, पुढे दोन आठवडे दिवसातून एकदा नायलॉनच्या ब्रशने घासा. भिंत वरून खाली, मग तळ मेन ड्रेनकडे, म्हणजे तळातल्या निचऱ्याच्या जाळीकडे. स्टीलचा ब्रश नको. चाकं असलेला व्हॅक्यूम किंवा रोबोट १४ दिवस पाण्यात घालू नका, चाकांच्या खुणा राहतात. घासल्यावर पाणी थोडं गढूळ होऊन काही तासांत निवळलं तर चिंता नाही. दिवसेंदिवस दुधाळच राहिलं तर निर्देशांक पुन्हा काढा. सँड फिल्टरचं प्रेशर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने चढलं की बॅकवॉश घ्या, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा.

इथेच पूल सांभाळणारा माणूस सवयीने तुरटी फिरवतो. तुरटीने पाणी लगेच निवळतं, म्हणून मालकही खूश. पण ती अल्कलिनिटी खाते आणि पीएच पाडते, म्हणजे निस्तरायला हवं होतं तेच वाढवते. मोरचूदही नको, पांढऱ्या प्लास्टरवर निळसर हिरवी झाक बसते.

पीएच पहिला आठवडा रोज चढणार. ८.३ च्या वर गेला तरच अ‍ॅसिड घाला. ४५,००० लिटरला एका वेळी पाव लिटर हायड्रोक्लोरिक, साधारण ३२ टक्क्यांचं, पुरे. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या आणि त्यात अ‍ॅसिड ओता, उलट कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, पंप चालू ठेवून खोल भागात फिरत फिरत सोडा. चार तासांनी पुन्हा मोजा. त्याच बादलीत क्लोरीन मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

क्लोरीन पहिले ४८ तास नको. तिसऱ्या दिवशी लिक्विड क्लोरीन द्या: १० टक्क्यांचं असेल तर १०,००० लिटरला १०० मिली म्हणजे १ पीपीएम. दीड पीपीएमसाठी या पूलला पाऊण लिटरच्या आतच लागतं. उन्हात पडून राहिलेल्या कॅनची ताकद उतरलेली असते, म्हणून टाकल्यावर मोजा. टीसीसीए ९० (क्लोरीनच्या गोळ्या) महिनाभर बाजूला ठेवा. ते कडक आम्लधर्मी असतं, आणि गोळी तळावर पडली तर तिच्याच आकाराचा डाग राहतो. हीटर आणि मिठाचं क्लोरिनेटर २८ दिवस बंद. पूल पहिला महिना पोहण्यासाठी नाही असंच धरून चला, पाहुणे दिवाळीला येणार असले तरी.

पावसाळ्यात पूल सुरू करणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जवळपास नसतेच. लोणावळ्यासारख्या ठिकाणी एका दिवसात २०० मिलिमीटर पडला तर सरासरी १.४ मीटर खोलीच्या पूलचं सातवा हिस्सा पाणी बदलल्यासारखं होतं आणि १५० चं कॅल्शियम १३० च्या घरात येतं. जोराच्या पावसानंतर दर वेळी तपासून भर घाला. करड्या ढगाळ छटांसाठी मात्र पाण्याला दोष देऊ नका. त्या बहुधा उशिरा घोटल्याने किंवा मिश्रणात घातलेल्या कॅल्शियम क्लोराईडने येतात.

२८ दिवसांनंतर पाणी नेहमीच्या पट्ट्यात आणा: पीएच ७.४ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम २०० ते ४००. अल्कलिनिटी १० पीपीएम उतरवायला १०,००० लिटरला सुमारे २०० मिली अ‍ॅसिड लागतं. १५० वरून १०० वर यायला या पूलला साडेचार लिटर, तेही दिवसाला अर्धा लिटर असं नऊ-दहा दिवसांत. मीठ किंवा टीसीसीए त्यानंतर.