शनिवारच्या रग्बीचा अंदाज: पट्टीच्या पाठीवरचा हिशोब

लातूरच्या मार्केट यार्डात माझी आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. रग्बीशी आमच्या सात पिढ्यांत कुणाचा संबंध आला नव्हता. पुतण्या नोकरीला न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला गेला आणि एका शनिवारी त्याचा फोन आला, "काका, सौदा झाला असंल तर मोबाइलवर मॅच लावा." तिथं संध्याकाळी सात-पाचला सुरू होणारी मॅच जुलै ते सप्टेंबरात आपल्याकडं दुपारी १२:३५ ला लागते. त्या दिवसांत यार्डात आवक नसतेच, गादीवर बसून माशाच मारायच्या. म्हणून बघायला लागलो. आता आम्ही पाच जण आहोत: मी, मुनीम, शेजारच्या आडतीतले भाऊ, एका शाळेतले पीटी सर आणि मापाडी मामा.

शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकानं कोऱ्या हिशोबपट्टीच्या पाठीवर आपला अंदाज लिहायचा, घडी घालायची आणि गल्ल्यात टाकायची. गल्ल्याची किल्ली मुनिमाकडं. पैसा लावायचा नाही, ज्याचा अंदाज सगळ्यात लांब गेला त्यानं गंजगोलाईतून सगळ्यांना भजी आणायची. पैशाचा खेळ दिवसभर चालतोच, शनिवारी तरी नको.

पहिली गोष्ट, "कोण जिंकणार" एवढंच लिहू नका. त्यात अर्धी मजा जाते आणि शिकायला काही मिळत नाही. किती गुणांनी जिंकणार ते लिहा. मॅच झाली की तुमचा फरक आणि खरा फरक यातलं अंतर काढा, तीच तुमची चूक. माझी सगळ्यात मोठी चूक ४१ ची आहे. ६ सप्टेंबर २०२५ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडनं दक्षिण आफ्रिकेला २४-१७ असं हरवलं. त्या मैदानावर न्यूझीलंड १९९४ पासून हरलेलं नाही. पुढच्या शनिवारी हेच दोन संघ वेलिंग्टनला. मी डोळे झाकून लिहिलं, न्यूझीलंड ८ नं. मध्यंतराला न्यूझीलंड १०-७ पुढं, मी गादीवर ऐसपैस. दुसऱ्या अर्ध्यात आफ्रिकेनं ३६ गुण केले आणि न्यूझीलंडनं शून्य. ४३-१०. आफ्रिका ३३ नं जिंकली, वर माझे उलट्या बाजूचे ८, मिळून ४१. मुनिमानं पट्टीवर लाल पेनानं आकडा टाकला आणि म्हणाला, "मालक, कालच्या भावानं आज माल घेतलाव."

बरोबर बोलला. आडतीत असला आडत्या दोन हंगाम टिकत नाही, आणि मी तेच करून बसलो होतो. त्या आठवड्यात आफ्रिकेनं संघात भरपूर बदल केले होते. यादी गुरुवारीच माझ्या मोबाइलवर आलेली होती, मी उघडून बघितली नाही.

म्हणून दुसरी गोष्ट: संघ जाहीर झाल्याशिवाय पेन उचलू नका. शनिवारच्या मॅचचा संघ बहुधा दोन दिवस आधी जाहीर होतो. यादीत २३ नावं असतात. नवीन माणूस वरची पंधरा वाचतो. तुम्ही खालून वाचा, १६ ते २३. हा बेंच, म्हणजे मॅच चालू असताना आत येणारे बदली गडी. १ ते ८ नंबरचे फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्हीकडचे आठ-आठ गडी चेंडूसाठी एकमेकांना भिडतात तो) डोकं घालून रेटणारे जाडजूड गडी. ९ ते १५ बॅक, म्हणजे पास देणारे, किक मारणारे, पळणारे. बेंचवर साधारण पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक असतात. आफ्रिकेनं हा हिशोब मोडला. २०१९ च्या विश्वचषकात सहा-दोन केलं आणि त्या बेंचला 'बॉम्ब स्क्वॉड' असं नाव पडलं. २०२३ ला तर सात-एकवर गेले.

याचा अंदाजाशी संबंध असा. मॅच ८० मिनिटांची. पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास दोन्हीकडचे पुढचे गडी घामानं निथळत असतात, गुडघ्यावर हात ठेवून उभे. तेव्हा एका बाजूनं सहा-सात ताजे गडी आत येतात. आमच्या यार्डात ट्रक भरताना बघा. पहिली शंभर पोती सगळेच हमाल सारख्या वेगानं चढवतात. शेवटच्या पन्नास पोत्यांना कळतं कुणाच्या टोळीत जादा माणूस आहे. स्क्रम मागं सरकायला लागला की रेफरी पेनल्टी देतो, पेनल्टीतून ३ गुण नाहीतर लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकतात तो), लाइनआउटमधून ट्राय, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवणं. म्हणून सहा-दोन किंवा सात-एक दिसलं की मी शेवटच्या अर्ध्या तासासाठी त्या बाजूला ४-५ गुण जादा धरतो.

पण त्यात जोखीमही आहे. बेंचवर एकच बॅक असला आणि मागचे दोघं जखमी झाले की पंचाईत. ८ मार्च २०२५ ला फ्रान्स डब्लिनला सात-एक घेऊन उतरलं आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्यांचा कप्तान आंत्वान द्युपाँ गुडघा धरून बाहेर. पीटी सर उठून उभेच राहिले, "संपलं!" फ्रान्स ४२-२७ नं जिंकलं. त्या दिवसापासून मी बेंचवर एकच बॅक दिसला तरी घाबरत नाही. सर अजून घाबरतात.

आता आकडा कसा बांधायचा. हवेतून आणू नका. ट्रायचे ५, त्यावर कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर खांबांमधून मारायची जादा किक) २, पेनल्टी किकचे ३, ड्रॉप गोलचे (चालू खेळात चेंडूला टप्पा देऊन खांबांमधून मारलेली किक) ३. संपलं भांडवल. आधी प्रत्येक संघ किती ट्राय करेल ते ठरवा, मग त्यातली किती कन्व्हर्जन जातील, मग पेनल्टी किती. त्यांची बेरीज करा. शेजारच्या भाऊंनी पहिल्यांदा २२-४ असं लिहिलं होतं. रग्बीत ४ गुण होऊच शकत नाहीत. १ आणि २ सुद्धा नाहीत. अजून त्यांना आम्ही 'चार गुण' म्हणतो.

कन्व्हर्जनला हलक्यात घेऊ नका, बहुतेकांची पट्टी तिथंच फाटते. ट्राय जिथं टेकवला त्याच्या समोरूनच कन्व्हर्जनची किक मारावी लागते. खांबांच्या मधोमध टेकवला तर किक सोपी, कोपऱ्यात टेकवला तर बाजूच्या रेषेला चिकटून मारायची. २२ फेब्रुवारी २०२५ ला इंग्लंड-स्कॉटलंडची कलकत्ता कपची मॅच झाली. (हा कप आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे बरं का. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले रुपये वितळवून केला आणि १८७८ ला इंग्लंडला दिला. मुठींना नाग आणि झाकणावर हत्ती.) तर त्या मॅचमध्ये स्कॉटलंडनं तीन ट्राय केले, इंग्लंडनं एक. आणि इंग्लंड १६-१५ नं जिंकलं! स्कॉटलंडची तिन्ही कन्व्हर्जन हुकली, शेवटचं तर अगदी संपता संपता. मी स्कॉटलंड ३ नं लिहिलं होतं. ट्रायचा अंदाज बरोबर, भजी माझ्याच डोक्यावर. आता मी यादीत १० नंबरच्या शेजारी किक मारणारा कोण ते पेन्सिलनं लिहून ठेवतो. नेहमीचा किकर नसेल तर तीनातलं एक कन्व्हर्जन सरळ वजा.

पाऊस आणि वारा. हे मापाडी मामांचं खातं. मामांना ऑफसाइड अजून कळत नाही, आम्हालाही अर्धवटच कळतो. पण पोतं काट्यावर चढायच्या आत वजन सांगणारा माणूस तो. ते दरवेळी दोनच प्रश्न विचारतात, "घरचा कोन? पानी हाय का?" ओलं असलं की चेंडू हातातून निसटतो, पास कमी होतात, किक वाढतात, ट्राय घटतात. २८ ऑक्टोबर २०२३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना पॅरिसला ओल्या रात्री झाला. आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. आफ्रिकेचे बाराच्या बारा पेनल्टीचे. न्यूझीलंडचा एक ट्राय, त्याचं कन्व्हर्जन हुकलं. मामांचा नियम असा की पाऊस असला तर दोन्हीकडचा एकेक ट्राय खोडायचा आणि एकेक पेनल्टी वाढवायची. सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतो ना, तसं.

घरच्या मैदानाला किती धरायचं? जागतिक क्रमवारी काढताना घरच्या संघाला ३ गुण जादा धरतात. ते क्रमवारीचे गुण, मैदानावरचे नव्हेत. पीटी सर कित्येक दिवस ते सरळ स्कोअरमध्ये मिळवत होते. जोहान्सबर्गचं एलिस पार्क साधारण १७५० मीटर उंचीवर, हवा विरळ, चेंडू लांब जातो, पाहुण्यांना धाप लागते. हे सगळं खरं. तरी १६ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलिया तिथं ०-२२ मागं पडलं आणि तिथून सलग ३८ गुण करून ३८-२२ नं जिंकलं. त्या रात्री मध्यंतराच्या आधीच मी जेवायला उठलो होतो. घरच्या संघाला मी ४ देतो, एलिस पार्कला ५, जास्त नाही.

कार्डांचा अंदाज बांधू नका. पिवळ्या कार्डाला दहा मिनिटं एक गडी कमी. लाल कार्ड मिळालेल्या गड्याच्या जागी आता बहुतेक मोठ्या सामन्यांत वीस मिनिटांनी दुसरा गडी येऊ शकतो, म्हणून पूर्वीसारखी मॅच तिथंच संपत नाही. रेफरी कोण ते बघून ठेवा, स्क्रमच्या पेनल्टीत हात सैल असणारा आहे का एवढंच. बाकी नशीब.

शेवटी जुन्या निकालांकडं जा, शेवटीच. आधी बघितलेत तर माझ्यासारखे वेलिंग्टनला पोचाल. समजा येत्या शनिवारी एलिस पार्कवर आफ्रिका-न्यूझीलंड आहे, ऑगस्टचा शेवट. जोहान्सबर्गला तेव्हा कोरडा हिवाळा, म्हणजे मामांचा प्रश्न मिटला. आपल्याकडं मॅच साडेआठच्या सुमारास, भाकरी खाऊन बसायची. यादीत आफ्रिकेचं सहा-दोन, न्यूझीलंडचं पाच-तीन. किकर दोन्हीकडचे नेहमीचे. मी आफ्रिकेला तीन ट्राय देईन, त्यातली दोन कन्व्हर्जन, तीन पेनल्टी: १५ अधिक ४ अधिक ९, झाले २८. न्यूझीलंडला तीन ट्राय, तिन्ही कन्व्हर्जन, एक पेनल्टी: १५ अधिक ६ अधिक ३, झाले २४. फरक ४. ट्राय आणि पेनल्टी मांडतानाच घरचं मैदान आणि बेंच धरलेला असतो, नंतर परत मिळवायचं नाही.

आता जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२५ मधल्या या दोघांच्या सात मॅचचे फरक काढा: १५, २८, १, ४, ६, ७, ३३. सातातल्या चार मॅच सात गुणांच्या आत, म्हणजे एक ट्राय आणि त्याचं कन्व्हर्जन एवढ्यावर. उरलेल्या तीन एकतर्फी. माझा ४ त्या चारांत बसतो, राहू दे. आकडा १२ आला असता तर एकदा परत हिशोब तपासला असता, कारण आठ ते चौदामधला फरक त्या सातांत एकदाही नाही. एलिस पार्कवरच ३१ ऑगस्ट २०२४ ला ३१-२७ झालं होतं, तेव्हाही फरक ४ च. हे बघून मुनीम म्हणाला, "मग तुम्ही जुनाच आकडा उतरवलाव की." मी आधी बांधला, मग बघितला. पण त्याला ते पटवणं अवघड आहे.

पट्टी गल्ल्यात गेली की बदल नाही. शनिवारी सकाळी कुणी जखमी झाल्याची बातमी आली तरी नाही. भाऊंनी दोनदा मुनिमाला चहा पाजून घडी उघडायला लावलेली आहे, म्हणून आता घडीवर स्टेपलर मारतो. दोघांची चूक सारखी निघाली तर एकूण गुणांच्या जवळ कोण ते बघायचं. तेही सारखं निघालं तर मामा सांगतील तो हरला.

मागच्या तीन शनिवारांत मामांनी एकदाही भजी आणलेली नाहीत. "आमी फरक तेवडा लिवतो. पाच." दरवेळी पाचच लिहितात, फक्त कोणाच्या बाजूला ते बदलतं.