चमकणारे जिवाणू वर्गात दाखवायचे असतील तर

विज्ञान दिन 28 फेब्रुवारीला येतो म्हणून हा प्रयोग त्या दिवसासाठी राखून ठेवू नये. तोवर परभणीत दुपारचा पारा पस्तिशीकडे सरकलेला असतो, आणि फोटोबॅक्टेरियम गटातील या जिवाणूंना 15 ते 20 अंशांचा गारवा मानवतो. डिसेंबर-जानेवारीच धरावा. हे जिवाणू समुद्री माशांच्या अंगावर असतात, म्हणून मासा समुद्राचाच हवा, बांगडा किंवा माकूळ. गोदावरीतला रोहू इथे कामाचा नाही. विक्रेत्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवावे की मासा धुऊ नये आणि बर्फात ठेवण्यापूर्वी पिशवीत बांधावा, कारण वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी अंगावरून वाहत राहिले की हवे असलेले जिवाणू वाटेतच नष्ट होऊ लागतात.

मीठ मोजून घ्यावे: एक लिटर पाण्याला 30 ग्रॅम. सोडियमवाचून हे जिवाणू वाढत नाहीत; गोड्या पाण्यात त्यांच्या पेशी फुगून फुटतात. मागच्या खेपेस अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरात) मीठ होते, मासा ठेवलेल्या ताटलीतल्या पाण्यात नव्हते, आणि मुले अंधारात ताटकळून घरी गेली. म्हणून मासा अर्धा बुडवायच्या पाण्यात मीठ, पेप्टोन (जिवाणूंचे प्रथिनयुक्त खाद्य) घातलेल्या अगारमध्ये मीठ, नमुना विरळ करायच्या पाण्यातही मीठ. बोअरचे जड पाणी टाळून ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, पण त्यातही मीठ घालावेच, आणि तशी चिठ्ठी नसलेली बाटली वापरू नये.

गार जागी ठेवलेल्या माशावर साधारण एक-दोन दिवसांत निळसर-हिरवे ठिपके उमटतात. तिथूनच लूपने (तारेच्या छोट्या कडीने) नमुना उचलून अगारवर पसरावा. प्रकाश दिसला नाही म्हणून घाईने काही फेकू नये. या जिवाणूंची दाटी होऊन त्यांनी सोडलेले संकेत-रेणू पुरेसे साचले, तरच ल्युसिफरेज हे प्रकाश निर्माण करणारे विकर भरपूर तयार होते. नीलसन आणि हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांच्या 1970 मधील प्रयोगांतून हे पुढे आले. द्रवात वाढवलेली नळी स्थिर ठेवली की प्रकाश वरच्या कडेपुरता उरतो आणि हलवताच तळापर्यंत उजळतो, कारण या क्रियेला प्राणवायू लागतो. हे मुलांना अवश्य दाखवावे.

खिडक्यांना काळा कागद लावावा. मोबाइल बाहेर. डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी. हाताला जखम असल्यास हातमोजे. मासा कोणी खाऊ नये. शेवटी सर्व ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात), नसल्यास प्रयोगशाळेसाठीच ठेवलेल्या प्रेशर कुकरमध्ये, निर्जंतुक करून मगच टाकाव्यात.